बीजांडकोशाची गाठ आणि रजोनिवृत्तीचे भय : डॅनव्हिल (१८०९) ते बीड (२०१९)

प्रस्तावना

वैद्यकाचा इतिहास बहुधा शोधांचा व शोधकांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. स्त्रीच्या बीजांडकोशातील गाठीचा इतिहास मात्र असा एकरेषीय लिहिता येत नाही. या गाठीवरील शस्त्रक्रियेने असंख्य स्त्रियांचे प्राण वाचवले, हे निर्विवाद आहे. आणि त्याच शस्त्रक्रियेच्या यशातून निरोगी अवयव काढून टाकण्याची प्रथा रूढ झाली, हेही तितकेच खरे आहे. चाळिशी ओलांडताना पाळी अनियमित होणे, अंगावर जास्त जाणे, ओटीपोटात दुखणे आणि तपासणीत 'गाठ' सापडणे हा आज कित्येक घरांतील चिंतेचा विषय आहे. ही चिंता कोणत्या टप्प्यांतून घडत गेली आणि निर्णयाचा अधिकार कोणाच्या हाती राहिला, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

प्रथम शरीरव्यापाराचा थोडा उल्लेख आवश्यक आहे. दर महिन्याला बीजांडकोशात द्रवाने भरलेली एक पुटिका वाढते व फुटून बीज बाहेर पडते. ती फुटली नाही, तर तिचीच गाठ बनते. रजोनिवृत्तीपूर्वीच्या काही वर्षांत हा क्रम विस्कळीत होतो, म्हणून अशा गाठी या काळात वारंवार दिसतात. त्यांपैकी बहुतेक दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरतात. काही मात्र खऱ्या अर्थाने अर्बुदे असतात व वाढत राहतात. कोणती गाठ जिरेल आणि कोणती वाढेल, हे ओळखण्याचा प्रश्न या सर्व इतिहासाच्या मुळाशी आहे.

डॅनव्हिल, १८०९

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बीजांडकोशाची गाठ कळे ती पोट फुगल्यावरच. जलोदर समजून पोटाला छिद्र पाडून पाणी काढावे, ते पुन्हा भरावे, पुन्हा काढावे, असा उपचार चाले. पोट उघडणे म्हणजे मृत्यू, अशी शल्यविशारदांची पक्की समजूत होती.

डिसेंबर १८०९ मध्ये अमेरिकेतील केंटकी राज्यातील डॅनव्हिल गावचे डॉक्टर एफ्रेम मॅकडॉवेल यांना दूरच्या वस्तीवरील जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीस तपासण्यासाठी बोलावणे आले. वय सुमारे ४६. दिवस भरून गेले तरी प्रसूती होत नाही, असा सर्वांचा समज होता. पाळी थांबली आणि पोट वाढले, म्हणजे गर्भ, हा तर्क त्या काळात स्वाभाविकच होता; रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरील स्त्रीच्या बाबतीत तो किती फसवा ठरू शकतो, याचे हे उदाहरण होय. मॅकडॉवेल यांनी तपासून गर्भ नसून गाठ असल्याचे सांगितले आणि अशी गाठ काढण्याचा प्रयोग यापूर्वी यशस्वी झालेला नाही, हेही लपवले नाही. ऐन हिवाळ्यात सुमारे ६० मैल घोड्यावरून प्रवास करून ती बाई डॅनव्हिलला आली. नाताळच्या दिवशी सकाळी शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याची विद्या अद्याप सुमारे ३७ वर्षे दूर होती. २५ मिनिटे ती बाई स्तोत्रे म्हणत राहिली. साडेबावीस पौंडांची, म्हणजे १० किलोंहून अधिक वजनाची गाठ निघाली. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहण्यास गेले, तर ती स्वतःचे अंथरूण आवरत होती! पुढे ती ३२ वर्षे जगली.

या प्रसंगात धैर्य कोणाचे अधिक, हा प्रश्न वैद्यकाच्या इतिहासकारांनी फारसा विचारलेला नाही. तथापि येथे संमतीची एक स्पष्ट कृती घडली आहे, हे नोंदवले पाहिजे. धोका सांगितला गेला, स्त्रीने तो ऐकला आणि ती स्वतः निघाली. मॅकडॉवेल यांनी १८१७ मध्ये फिलाडेल्फियाच्या नियतकालिकात तीन शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील उरलेल्या दोन स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या. गुलामगिरीच्या काळातील केंटकीत त्यांच्या संमतीला किती अर्थ होता, हे वेगळे सांगावयास नको. एकाच लेखातील या तीन रुग्णांमध्ये पुढील दोन शतकांचा पेच बीजरूपाने दिसतो.

भूल (१८४६) आणि लिस्टर यांची जंतुनाशक पद्धती (१८६७) यांनी चित्र पालटले. इंग्लंडमध्ये स्पेन्सर वेल्स यांनी १८५८ पासून या शस्त्रक्रिया केल्या व १८८० पर्यंत त्यांची संख्या एक हजारावर नेली. त्यांचे खरे मोठेपण संख्येत नसून प्रत्येक रुग्णाची, दगावलेल्यांचीही, नोंद प्रसिद्ध करण्यात आहे. त्या हजारांत सुमारे एक चतुर्थांश स्त्रिया दगावल्या. एवढा धोका पत्करण्याजोगा मानला गेला, कारण गाठ तशीच ठेवली तर मृत्यू जवळजवळ निश्चित होता.

कृत्रिम रजोनिवृत्ती

हा 'कारण' शब्दच पुढे निसटला. १८७२ या एकाच वर्षी जॉर्जियात रॉबर्ट बॅटी, जर्मनीत आल्फ्रेड हेगार आणि बर्मिंगहॅममध्ये लॉसन टेट यांनी, गाठ नसतानाही, पाळीच्या त्रासासाठी बीजांडकोश काढण्यास आरंभ केला. बॅटी यांचा हेतू तर स्पष्टच होता : पाळीच्या काळात होणाऱ्या यातनांवर उपाय म्हणून वयाच्या तिशीतच रजोनिवृत्ती घडवून आणणे. जी अवस्था पन्नाशीत निसर्गतः येते व जिची स्त्रियांना धास्ती वाटते, तीच येथे औषध म्हणून देण्यात आली. थोड्याच वर्षांत वेदना, अपस्मार, 'उन्माद' अशा सैल निदानांवरही ही शस्त्रक्रिया होऊ लागली.

विरोध झाला नाही असे नाही. अमेरिकेतील पहिल्या पदवीधर स्त्री-डॉक्टर एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी या प्रथेवर उघड टीका केली. १८८६ मध्ये लिव्हरपूलच्या स्त्री-रुग्णालयातील शल्यविशारद फ्रान्सिस इम्लाख यांच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली. अवयव काढल्याने काय परिणाम होतील याची कल्पना त्या स्त्रियांना दिली होती का, हा प्रश्न तेथे ऐरणीवर आला. त्याच वर्षी मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले व एडिथ पीची यांच्यासारख्या स्त्री-डॉक्टर तेथे कार्यरत झाल्या. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी यांनी फिलाडेल्फियात पदवी मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. येथील स्त्री-वैद्यकाचा आरंभ बाळंतिणीपासून झाला, हे त्या काळातील मृत्यूंचे प्रमाण पाहता योग्यच होते. परंतु जिचे बाळंतपण संपले आहे अशी मध्यमवयीन स्त्री या दृष्टिक्षेपाबाहेर राहिली आणि पुढेही दीर्घकाळ बाहेरच राहिली.

नामकरण आणि औषध

सुश्रुतसंहितेत पाळीचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत सांगितला आहे व तिचे थांबणे हा देह पिकण्याचा भाग मानला आहे, रोग नव्हे. मराठी बायकांच्या बोलण्यातही 'पाळी गेली' एवढेच असते. युरोपात मात्र १८२१ मध्ये फ्रेंच वैद्य द गार्दान यांनी या अवस्थेला 'मेनोपॉज' हे नाव दिले आणि नाव मिळाल्यावर ग्रंथ, तक्रारी व उपचार यांची रांग लागली. १९४२ पासून अमेरिकेत 'प्रेमारिन' ही संप्रेरकाची गोळी विकली जाऊ लागली. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन यांनी रजोनिवृत्ती हा उणिवेचा आजार असून स्त्री कायम तरुण राहू शकते, असे प्रतिपादन करणारे पुस्तक लिहिले व ते अफाट खपले. १९७५ मध्ये अशा गोळ्यांचा गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाशी संबंध दिसून आला; २००२ मध्ये १६,६०८ स्त्रियांवरील संयुक्त संप्रेरकांची चाचणी स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढल्याने मुदतीपूर्वी थांबवावी लागली. पुढील विश्लेषणांनी पन्नाशीच्या आसपासच्या स्त्रियांसाठी चित्र इतके काळे नसल्याचेही दाखवले. आशा आणि भीती यांची ही आंदोलने स्त्रियांनी स्वतःच्या शरीरावर सोसली आहेत.

पडद्यावरची सावली

१९५५ च्या जुलैमध्ये ग्लासगोचे प्राध्यापक इयान डोनाल्ड मोटारीत काढून टाकलेल्या गाठी भरून जवळच्या बॉयलर-कारखान्यात गेले. धातूतील भेगा शोधण्याचे ध्वनिलहरींचे यंत्र मांसावर चालते का, हे त्यांना पाहावयाचे होते. तुलनेसाठी बाजारातील मांसाचा तुकडाही होता. द्रवाची गाठ व घन गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे आले. पुढे असाध्य जठरकर्करोग म्हणून आशा सोडलेल्या एका स्त्रीच्या पोटावर त्यांनी हे यंत्र फिरवले, तेव्हा बीजांडकोशाची मोठी गाठ दिसली. ती सहज काढता आली व ती बाई बरी झाली. १९५८ च्या 'लॅन्सेट'मधील त्यांच्या लेखाने सोनोग्राफीचा पाया घातला. महाराष्ट्रात सोनोग्राफीची सामाजिक चर्चा झाली ती प्रामुख्याने गर्भलिंगनिदान व त्यासंबंधीच्या १९९४ च्या कायद्याभोवती. मध्यमवयीन स्त्रीच्या जीवनात या यंत्राने काय उलथापालथ केली, याकडे अभ्यासकांचे दुर्लक्षच झाले.

डॅनव्हिलची गाठ दहा किलोंची होती. सोनोग्राफीने तीन सेंटिमीटरची गाठही दिसू लागली. पाहण्याची शक्ती ज्या वेगाने वाढली, त्या वेगाने थांबण्याची सवय वाढली नाही. अमेरिकेत ७८,२१६ स्त्रियांवर झालेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लक्षणे नसताना सोनोग्राफी व सीए-१२५ ही रक्ततपासणी केल्याने बीजांडकोशाच्या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट ३,२८५ स्त्रियांना कर्करोगाचा खोटा इशारा मिळाला, त्यांपैकी १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना गंभीर उपद्रव झाला.

बीड, २०१९

जून २०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधानपरिषदेत सांगितले की, बीड जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची 'पिशवी' काढलेली आढळली. म्हणजे सहा जणींमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १५ ते ४९ वयोगटातील हेच प्रमाण देशभर ३.२ टक्के होते.

या स्त्रियांच्या तक्रारी खोट्या नव्हत्या. पांढरे जाणे, अंगावर जास्त जाणे, कंबर धरणे हे सर्व होतेच. उसाच्या फडावर ना पाणी, ना आडोसा. नवरा-बायकोच्या 'कोयत्या'ने मुकादमाकडून उचल घेतलेली असते व एका दिवसाच्या खाड्याला दंड पडतो. अशा स्थितीत 'गाठ आहे, कॅन्सर होईल' हे वाक्य पुरेसे होते. बॅटी यांनी तिशीतील रुग्णाला दिलेली कृत्रिम रजोनिवृत्ती येथे जवळपास त्याच वयात पुन्हा घडली. गर्भाशयासोबत बीजांडकोश काढले की पाळीच नव्हे, तर हाडांचे व हृदयाचे संरक्षणही एका दिवसात जाते. बीजांडकोश ठेवले तरी ते लवकर थकण्याची शक्यता वाढते. 'मोकळी झाले' म्हणणारी स्त्री काही वर्षांतच सांधे, छातीतील धडधड व अंगाची आग घेऊन पुन्हा दवाखान्याची पायरी चढते आणि तेव्हा तिच्या तक्रारीला नाव देणारे कोणी नसते.

येथे सर्व दोष डॉक्टरांवर टाकणे इतिहासदृष्ट्या अपुरे ठरेल. बहुतेक साध्या गाठींवरचा शास्त्रसंमत उपचार म्हणजे दोन-तीन पाळ्या थांबून पुन्हा सोनोग्राफी करणे. ज्या स्त्रीचे गाव बीड जिल्ह्यात, तपासणी तालुक्याच्या गावी आणि दिवाळीनंतरचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रातील किंवा कर्नाटकातील कारखान्याच्या फडावर, तिला ही दुसरी तपासणी मिळणार कोठे? थांबणे हाही एक खर्चिक उपचार आहे आणि तो तिच्या आवाक्याबाहेर होता.

समितीच्या शिफारशींनंतर अशा शस्त्रक्रियांवर शासकीय देखरेख आली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांविषयीच्या जनहित याचिकेवर निकाल देताना सर्व राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश दिला. त्या तत्त्वांत शस्त्रक्रियेपूर्वी काय तपासावे, हे आहे. तपासणी व शस्त्रक्रिया यांच्या मधले दोन-तीन महिने स्थलांतरित स्त्रीने कोठे व कोणाच्या देखरेखीखाली काढावेत, हे ठरवणे मात्र साखर कारखाने, मुकादम आणि दोन राज्यांची आरोग्यखाती यांच्यात विभागले गेले आहे.