रॅग्लन, लॉर्ड
(३० सप्टेंबर १७८८–२८ जून १८५५). क्रिमियन युद्धातील ब्रिटिश सरसेनापती. संपूर्ण नाव फिट्झरॉय जेम्स हेन्री सॉमरसेट. पाचव्या ड्यूक ऑफ बोफर्टचा हा सर्वांत धाकटा मुलगा. त्याचा जन्म बॅडमिंटन (इंग्लंड) येथे झाला. वडिलार्जित मालमत्ता थोरल्या मुलाकडे जात असल्यामुळे उमराव घराण्यांतील धाकटी मुले बहुधा सैन्यात शिरत. अधिकारपदे विकत मिळण्याची पद्धत तेथे १८७१ पर्यंत चालू होती. सॉमरसेट १८०४ मध्ये घोडदळात दाखल झाला.

द्वीपकल्पीय युद्धात तो वेलिंग्टनचा लष्करी सचिव झाला आणि १८१४ मध्ये त्याने वेलिंग्टनच्या पुतणीशी विवाह केला. वॉटर्लूच्या लढाईत (१८१५) गोळी लागून त्याचा उजवा हात कापावा लागला. पत्नीने दिलेली अंगठी बोटात असल्यामुळे त्याने तो कापलेला हात परत मागविला, असे सांगतात. पुढे डाव्या हाताने लिहिण्याचा सराव करून त्याने सचिवाचेच काम चालविले. १८२७ ते १८५२ अशी पंचवीस वर्षे तो लंडनमधील लष्करी मुख्यालयात सचिव होता. त्याचा थोरला मुलगा १८४५ मध्ये पहिल्या इंग्रज-शीख युद्धात फिरोझशाह येथे जखमी होऊन मरण पावला. १८५२ मध्ये त्याला ‘बॅरन रॅग्लन’ हा किताब मिळाला.

१८५४ मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्याच्याकडे क्रिमियातील ब्रिटिश सैन्याचे आधिपत्य आले. तोपर्यंत रणांगणावर त्याने एका पलटणीचेही स्वतंत्र नेतृत्व केले नव्हते. वैयक्तिक धैर्य मात्र त्याच्या ठायी भरपूर होते. आल्माच्या लढाईत (२० सप्टेंबर) तो आपल्या फौजेच्या पुढे थेट शत्रूच्या बाजूच्या टेकडीवर जाऊन उभा राहिला. जुन्या सवयीने रशियनांचा उल्लेख तो ‘फ्रेंच’ असा करी आणि त्यामुळे त्याच्या सोबतच्या फ्रेंच मित्रांची पंचाईत होई.

बॅलक्लाव्हा येथे (२५ ऑक्टोबर) रशियन सैन्य काबीज केलेल्या तोफा हलवीत असल्याचे त्याला उंच टेकडीवरून दिसले. तोफा नेऊ न देण्याबद्दल त्याने घोडदळाचा प्रमुख लॉर्ड ल्यूकन यास लेखी हुकूम धाडला. परंतु कोणत्या तोफा, हे त्यात स्पष्ट नव्हते आणि खाली दरीत असलेल्या ल्यूकनला त्या दिसतही नव्हत्या. परिणामी लॉर्ड कार्डिगनच्या नेतृत्वाखाली सु. ६७० स्वार समोरच्या भलत्याच तोफखान्यावर चालून गेले आणि त्यांपैकी शंभरांहून अधिक ठार झाले. हुकूम पोचविणारा कॅप्टन नोलन आरंभीच मारला गेल्यामुळे दोषाचा वाद मिटला नाही. तथापि ज्याची हयात हुकूम लिहिण्यात गेली, त्याच्याच हुकमाचा असा विपर्यास व्हावा, ही गोष्ट लक्षणीय आहे.

इंकरमनच्या विजयानंतर तो फील्डमार्शल झाला. १४ नोव्हेंबरच्या वादळात थंडीचे कपडे घेऊन आलेले जहाज बुडाले. बॅलक्लाव्हा बंदरापासून छावणीपर्यंतचा रस्ता चिखलात रुतला आणि उपासमार, कॉलरा व हगवण यांनी शत्रूपेक्षा अधिक सैनिक मारले. ‘द टाइम्स’ने रॅग्लनला दोषी धरले. पुरवठा खाते अर्थखात्याच्या अखत्यारीत होते हे खरे. पण लंडनला कठोर शब्दांत जाब विचारणे या सौजन्यशील सचिवाच्या स्वभावात नव्हते. सिव्हॅस्टोपोलवरील १८ जून १८५५ चा हल्ला फसल्यानंतर दहा दिवसांनी तो छावणीतच हगवणीने मरण पावला. त्याचे शव बॅडमिंटन येथे पुरण्यात आले. गळ्यापासून सलग शिवलेली ‘रॅग्लन’ बाही त्याच्याच नावाने ओळखली जाते.