मातीच्या भांड्यांचे इंदुरी पंचांग

स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस होळकर दरबाराच्या बोलावण्यावरून इंदूरला आले, तेव्हा शहर प्लेगने गांजलेले होते. गेडिसांनी दिवाळीच्या मिरवणुकीलाच सफाईच्या कामाला जुंपले. जे रस्ते सर्वांत स्वच्छ, तिथूनच मिरवणूक जाणार, असे जाहीर झाले आणि गल्लोगल्ली कचरा उपसला जाऊ लागला. मिरवणुकीच्या शेवटी गाड्यांवरून तुळशीची रोपे वाटली गेली, मातीच्या इवल्याशा कुंड्यांतून. गेडिसांचा इंदूरवरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली छापला गेला.

गेडिसांनी शहराची नाडी अचूक ओळखली होती. तुळशीला पाणी घालणारी घरातली बाई मनावर घेईल, तरच अंगण स्वच्छ राहील.

गेडिसांच्या कितीतरी आधी, मंदसोरच्या तहानंतर, १८१८ मध्ये, होळकरांची राजधानी इंदूरला आली. त्यांच्या राज्यात मराठी घराणी रुजली आणि त्यांच्याबरोबर लेकी-सुनांचे सणवारही. तुकोजीराव होळकरांच्या नावाच्या तुकोगंजात, साउथ तुकोगंजातल्या नाथ मंदिराच्या आसपास, मराठी आजही कानी पडते. या बायकांच्या पंचांगात कुंभाराला वर्षभर काम असे. नवरात्रात घट, दिवाळीला पणत्या आणि लक्ष्मीपूजनाची लाह्या-बत्ताशांनी भरलेली बोळकी, अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने द्यायची पाण्याची घागर.

संक्रांतीचे सुगड त्यातले सर्वांत देखणे. चाकावर मातीचा एकच मोठा गोळा चढवायचा, त्याच्या टोकाशी बोटांनी एक सुगड घडवायचे, दोऱ्याने कापून बाजूला ठेवायचे आणि त्याच गोळ्यातून पुढचे उचलायचे. वाळल्यावर ती भट्टीत जातात. घरी आणलेल्या सुगडाला हळदी-कुंकवाची बोटे ओढतात, गळ्याला दोरा गुंडाळतात. आत उसाचे करवे, बोरे, हरभऱ्याचे घाटे, गाजराचे तुकडे, गव्हाच्या ओंब्या, तिळगूळ. मूठभर सुगीचे पीक मावेल, एवढेच त्याचे पोट. पूजा झाली की ते सवाष्णीच्या हाती जाते.

चाक बहुधा पुरुषाच्या हाती असे. माती चाळणे, मळणे, भांडी रंगवणे आणि विकणे यांत कुंभारणीचा मोठा वाटा. पण नाव कुंभाराचे झाले. पुढे निर्मला पटवर्धन यांच्यासारख्या स्त्रिया स्वतः चाकावर बसल्या. ग्लेझचे प्रयोग करून त्यांनी कुंभारकामावर इंग्रजीत हस्तपुस्तिका लिहिली, त्यामुळे त्यांचे ज्ञान पुढच्यांच्या हाती आले.

सुगडांचे तसे नाही. ती वाणात दिली जातात, फुटतात, पुन्हा मातीत जातात. संग्रहालयाच्या कपाटापर्यंत क्वचितच पोचतात. म्हणून हा इतिहास तुकोगंजातल्या आज्यांना आणि इंदूरच्या कुंभारणींनाच विचारायला हवा: कोणत्या सणाला किती भांडी लागत, ती कोणाकडून येत आणि बदल्यात पैसे मिळत की धान्य. हे सांगू शकणाऱ्या बायका आज आहेत, तोवर या नोंदी व्हायला हव्यात.