शकुंतलाजन्म
शकुंतलाजन्म : राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्या तैलचित्रावरून केलेले पौराणिक विषयाचे रंगीत शिलामुद्रित चित्र. रविवर्म्यांनी मुंबईत स्थापन केलेल्या मुद्रणालयातून १८९४ मध्ये बाहेर पडलेले हे पहिले चित्र होय.

मेनका नवजात कन्या पुढे करीत आहे आणि विश्वामित्र हात उंचावून, तोंड फिरवून तिला नाकारीत आहे, असा प्रसंग यात रंगविला आहे. महाभारताच्या आदिपर्वातील शकुंतलोपाख्यानात मात्र तो आढळत नाही. तेथे मेनका मुलीला मालिनी नदीच्या काठी टाकून इंद्रसभेत परत जाते. शकुंत पक्षी तिचे रक्षण करतात व कण्व मुनी तिला आश्रमात वाढवितात. कथेतील दोष मातेचा, चित्रातील तो तपस्व्याचा. मुनीला असे आरोपीच्या जागी उभे करणे हे चित्रकाराचे धाडसच म्हटले पाहिजे. हाताच्या एका आविर्भावात सारे नाट्य एकवटण्याची ही रीत त्यांनी यूरोपीय चित्रकलेतून आत्मसात केली होती.

चित्रावरून मुद्राचित्र करण्याची प्रथाही यूरोपात प्रबोधनकाळापासून रुळलेली होती. मार्कांतोन्यो राईमोंदी याने रॅफेएलच्या (१४८३–१५२०) रेखांकनावरून ताम्रपटावर कोरलेले ‘पॅरिसचा निवाडा’ हे ग्रीक पुराणकथेवरील मुद्राचित्र प्रसिद्ध आहे. मूळ रेखांकन नष्ट झाले. रचना टिकली ती मुद्राचित्रामुळेच. त्यातील एका समूहाची बैठक एद्वार माने याने १८६३ च्या आपल्या वादग्रस्त चित्रासाठी उचलली.

ताम्रपटावर सारी भिस्त रेषेवर असते. रंगीत शिलामुद्रणात प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा तयार करावी लागते आणि ते सर्व ठसे एकाच कागदावर तंतोतंत जुळावे लागतात. जुळणी केसभर चुकली, तरी चेहरा बिघडतो. म्हणूनच रविवर्म्यांनी जर्मन तंत्रज्ञ आणविले. तत्पूर्वी सर टी. माधवराव यांनी त्यांना चित्रे यूरोपात छापून घेण्याचे सुचविले होते. बडोदे संस्थानासाठी काढलेल्या १४ पौराणिक चित्रांच्या मुंबईतील प्रदर्शनाला झालेल्या गर्दीने अशा छापील चित्रांना गिऱ्हाईक मिळेल, हे दाखवून दिले. राजवाड्यातील चित्र सामान्य घराच्या भिंतीवर आले ते या मार्गाने.

व्यवहार मात्र आतबट्ट्याचा ठरला. प्लेगच्या साथीनंतर मुद्रणालय लोणावळ्याजवळील मळवली येथे हलविण्यात आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी, कर्ज वाढल्यामुळे, फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञास विकावे लागले. नव्या मालकाच्या काळात चित्रे दिनदर्शिका व मालाच्या वेष्टनांवरही झळकू लागली. काही घरांत देवतांच्या छापील प्रतींवर जरीकापडाचे तुकडे व टिकल्या चिकटवून त्यांना खरी वस्त्रे नेसविली जात. १९७२ मध्ये मळवलीच्या मुद्रणालयास आग लागली.