अफूची नळी आणि सुई

व्यसनांविषयीं लिहितांना आपल्याकडील लेखकांचें लक्ष बहुधा दोनच प्रश्नांवर खिळलेलें असतें: मनुष्य व्यसनाधीन कां होतो, आणि त्यांतून सुटतो कसा. या दोहोंच्या मध्यें जो दीर्घ काळ जातो, त्यांत व्यसनी मनुष्य आपल्या सेवनाची रीति अनेकदां बदलतो, इकडे फारसें कोणी पाहत नाहीं. अफू ओढणारा हेरॉइनकडे जातो, धूर घेणारा सुई हातीं धरतो, आणि क्वचित् सुईवाला पुनः धुराकडे वळतो. हा त्याच्या अधःपाताचा पायरीपायरीनें होणारा क्रम होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

आपल्या देशांत अफू मुख्यत्वें खाल्ली जात असे, अथवा राजपुताना व गुजराथ या प्रांतांत पाण्यांत घोळून कसुंबा म्हणून घेतली जात असे. १८९३ सालीं नेमलेल्या रॉयल कमिशनपुढें हीच गोष्ट वारंवार आली. उलट, ज्या चीन देशाला मुंबई बंदरांतून माळव्याची अफू जाई, तेथें ती नळींतून ओढण्याची चाल होती. सेवनाची रीति याप्रमाणें त्या त्या देशाच्या रिवाजानें ठरे. विसाव्या शतकांत रिवाजाच्या जोडीस कायदा आला, आणि बदलाची गति एकाएकीं वाढली.

हाँगकाँगचें उदाहरण या बाबतींत फार बोलकें आहे. तेथें अफूविक्रीचा मक्ता खुद्द सरकारकडे होता. दुसरें महायुद्ध संपून १९४५ सालीं ब्रिटिश अंमल परत आला, तेव्हां तो मक्ता जाऊन अफू ओढण्यास बंदी झाली. आतां, अफू ओढावयाची म्हणजे नळी हवी, दिवा हवा, आडवें होण्यास जागा हवी आणि निवांत वेळ हवा. शिवाय तिचा वास शेजाऱ्यापाजाऱ्यांस वर्दी दिल्यावांचून राहत नाहीं. हेरॉइनला यांतलें कांहींच लागत नाहीं. १८९८ सालीं जर्मनींतील बायर कंपनीनें खोकल्यावरील औषध म्हणून विकावयास काढलेली ही भुकटी कनवटीस लावून कोठेंही नेतां येते. पुढील दहा-पंधरा वर्षांत अफूची नळी मागें पडली, आणि पातळ पत्र्यावर हेरॉइन तापवून तिची वाफ ओढण्याची रीति तेथें रूढ झाली. ‘ड्रॅगनचा पाठलाग’ हें तिचें नांव पुढें जगभर झालें. थायलंडनें १९५९ सालीं अफूबंदी केली. तेथेंही हेरॉइन मागोमाग आली. अमेरिकेनें ओढावयाच्या अफूची आयात १९०९ सालीं बंद केली, आणि न्यूयॉर्कांतील अफूबाज हेरॉइन नाकानें ओढूं लागले. तीन देश, तीन काळ. पण घडलें एकच. कायद्यानें प्रथम मारलें तें जड आणि वासाचें. वांचलें तें हलकें आणि तीव्र.

दुसरें कारण टंचाईचें. देह या द्रव्यांस सरावतो व कालची मात्रा आज पुरत नाहीं. अशा वेळीं माल महागला किंवा त्यांत भेसळ वाढली, कीं आहे त्यांतील कण न् कण अंगीं लागावा असें व्यसनी मनुष्यास वाटूं लागतें. धुरांत बराच अंश हवेंत जातो. शिरेंत टोंचलेला वांया जात नाहीं. अमेरिकेंत दोन महायुद्धांच्या मधल्या काळांत हेरॉइनमधील भेसळ वाढत गेली, आणि शिरेंत टोंचून घेण्याचा प्रघातही वाढत गेला.

तिसरें कारण पदार्थाच्या रूपांत असतें, आणि तें आपल्या घरचेंच आहे. १९८० नंतर मुंबईंत ‘ब्राउन शुगर’ आली. ही भुकटी तापविली असतां तिची वाफ सहज होते. म्हणून मुंबईकर व्यसनी पत्र्याकडे वळला. मणिपुरांत ब्रह्मदेशांतून आलेली पांढरी हेरॉइन पाण्यांत चटकन् विरघळे. म्हणून तेथील तरुणाच्या हातीं सुई आली. १९९० च्या सुमारास एका सुईवरून दुसऱ्याच्या रक्तांत एच. आय. व्ही. चा विषाणु तेथें वणव्यासारखा पसरला. मुंबईचा तरुण अधिक शहाणा व मणिपूरचा अधिक पतित होता, असें म्हणण्याचें धाडस कोण करील?

उलट दिशेचाही दाखला आहे. १९९० नंतर न्यूयॉर्कांत मिळणारी हेरॉइन पूर्वीपेक्षां शुद्ध झाली आणि एड्सची भीति मनांत बसली, तेव्हां अनेकांनीं सुईऐवजीं ती नाकानें ओढणें पसंत केलें. रीति बदलणें हा केवळ अधःपात असता, तर ही माघार घडलीच नसती. व्यसनी मनुष्याची विवेकबुद्धि समूळ नष्ट होत नाहीं. किंमत, भय व सोय यांचा हिशेब तो मांडतच असतो.

यावरून अफू निरुपद्रवी होती, असा अर्थ कोणी काढूं नये. तिच्यापायीं चीनमधील असंख्य संसार धुळीस मिळाले, आणि त्या व्यापारांत मुंबईच्या सावकारांनीं हात ओले केले, हें विसरतां येत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, बंदी घालणारानें आपण कोणतें दार लावलें एवढेंच न पाहतां, उघडें कोणतें राहिलें हेंही पाहिलें पाहिजे. कलकत्ता व मद्रास येथें ब्राउन शुगर महागली किंवा मिळेनाशी झाली, तेव्हां पुष्कळांनीं औषधांच्या दुकानांतील ब्युप्रेनॉर्फिन टोंचून घेण्यास सुरुवात केली. तेंच ब्युप्रेनॉर्फिन आज सरकारच्या मदतीनें चालणाऱ्या केंद्रांत, परिचारिकेच्या देखत, जिभेखालीं ठेवावयास दिलें जातें, आणि सुई सुटल्यामुळें कित्येकांचे प्राण वांचतात. द्रव्य तेंच, घेणाराही तोच. मार्ग तेवढा बदलला. हा बदल घडवून आणणें जर माणसाच्या हातीं आहे, तर तो वाईटाकडे होऊं देण्याचा दोष एकट्या व्यसनी मनुष्याच्या माथीं मारतां येणार नाहीं.