४६८ चेहरे, ४६८ ठिपके

सप्टेंबर २०२५ मध्ये अर्ध्या इन्स्टाग्रामने एकच साडी नेसली होती. गुगलच्या जेमिनीमध्ये ‘नॅनो बनाना’ हे चित्र बनवणारं मॉडेल ऑगस्टच्या शेवटी आलं आणि तीन आठवड्यांच्या आत जिकडेतिकडे तीच उडती शिफॉन, तेच केसातलं फूल, तोच संध्याकाळचा पिवळा उजेड. सेल्फी आपला, बाकी सगळं मशीनचं.

त्याच महिन्यात महाराष्ट्रात बंजारा समाजाचे मोर्चे निघत होते. हैदराबाद गॅझेटिअरच्या नोंदींचा आधार देऊन अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी होती. म्हणजे एकाच फोनच्या पडद्यावर एकीकडे उसना पदर, आणि दुसरीकडे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणीतरी आपल्याबद्दल काय लिहून ठेवलंय त्यावरून चाललेली लढाई. या दोन गोष्टींचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. यवतमाळ जिल्ह्यातून पाहिलं तर तो स्पष्ट दिसतो.

आधी मशीनकडे. साडीचा तो फोटो स्थिर होता. पण कॅमेऱ्यासमोर मान हलवली की सोबत हलणारा मुकुट, गॉगल, नथ, कुत्र्याचे कान ही वेगळी जात. स्नॅपचॅटने २०१५ मध्ये ‘लेन्स’ आणल्या, त्या लुक्सरी नावाच्या, युक्रेनच्या ओडेसाशी नातं असलेल्या कंपनीला विकत घेऊन. अशी वस्तू अंगावर चढवायला दोन कामं लागतात. पहिलं, चेहरा नेमका कुठे आहे हे दर क्षणी ओळखणं. गुगलच्या मीडियापाइपने २०१९ मध्ये जे मॉडेल सर्वांसाठी खुलं केलं ते चेहऱ्यावर ४६८ ठिपक्यांची जाळी टाकतं : भुवया, पापण्या, नाकाचा शेंडा, ओठांच्या कडा, हनुवटी. चष्मा नाकाच्या ठिपक्यांना अडकवायचा, मिशी वरच्या ओठाला. दुसरं काम, ती वस्तू घडवणं. पूर्वी यासाठी थ्रीडी सॉफ्टवेअर शिकून दिवसेंदिवस बसावं लागे. जून २०२४ मध्ये स्नॅपने लेन्स स्टुडिओच्या पाचव्या आवृत्तीत जनरेटिव्ह एआय घातलं. आता काय हवं ते दोन ओळींत लिहायचं, वस्तू तयार होऊन येते.

हे पहिलं काम गणिताचं आहे. घोळ दुसऱ्यात आहे, कारण दोन ओळींतल्या शब्दांचा अर्थ मशीन कुठून शिकलं हा प्रश्न तिथे येतो.

आता एक योगायोग. ४६८ हाच आकडा भारतीय छायाचित्रणाच्या इतिहासात आधी एकदा येऊन गेलाय. ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात लंडनमधून निघाला. जॉन फोर्ब्स वॉटसन आणि जॉन विल्यम के हे संपादक. त्यात भारतातल्या जातीजमातींची ४६८ छायाचित्रं, आणि प्रत्येकाखाली मजकूर : हे कोण, काय करतात, यांच्यावर विश्वास ठेवावा की नाही. १८५७ च्या उठावानंतर राज्यकर्त्यांना आपली प्रजा ओळखून घ्यायची घाई होती. सर सय्यद अहमद खान १८६९ मध्ये लंडनला होते, त्यांनी हा ग्रंथ पाहिला आणि ते अस्वस्थ झाले. तो चाळणाऱ्या एका इंग्रज तरुणाने त्यांच्या मुलाला, तूही हिंदुस्थानीच का, असं विचारलं होतं. छायाचित्रातला माणूस गप्प असतो, बोलते ती खालची ओळ.

चित्रात काटछाट करणंही जुनंच. विल्यम जॉन्सन या मुंबईच्या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंड काढले. त्यात माणसं स्टुडिओत टिपलेली, आणि मागचं मंदिर किंवा रस्ता दुसऱ्याच फोटोतला. कापून चिकटवलेलं. बॅकग्राउंड बदलणं हा ज्यांना मोबाइलचा शोध वाटतो त्यांनी ते खंड जरूर चाळावेत.

यवतमाळ या सगळ्यात येतं ते पोलिसांच्या मार्फत. तेव्हा जिल्ह्याचं नाव ‘वणी’ होतं, इंग्रजी कागदांत ‘वून’. यवतमाळ हे नाव १९०५ मध्ये मिळालं. वऱ्हाड पोलिसांतले कंबरलेज नावाचे अधिकारी बंजाऱ्यांवर एक पुस्तिका लिहून गेले, ती १८८२ मध्ये पुन्हा छापली गेली. पुढे रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ मध्ये आला. त्यातलं बंजारा प्रकरण मुख्यतः या पुस्तिकेवर उभं आहे. आणखी आधार म्हणजे मेजर गनथॉर्प यांचं पुस्तक, ज्याच्या नावातच ‘गुन्हेगार जमाती’ आहेत, आणि यवतमाळ व निमाड इथे गोळा केलेली माहिती. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा तेव्हा लागू होता, देशाच्या काही भागांत बंजाऱ्यांनाही त्यात ओढलं गेलं. कायदा १९५२ मध्ये गेला. ‘विमुक्त जाती’ हा शब्द तिथूनच आलाय.

रसेलच्या त्या प्रकरणात एक छायाचित्र आहे. बंजारा बायका, डोक्यावर ‘शिंग’. केसांत उभी बसवलेली लाकडी काठी आणि तिच्यावरून सोडलेली ओढणी. अंगावर घालायच्या वस्तूचं याहून देखणं उदाहरण मला माहीत नाही. फोटोखाली बायकांची नावं नाहीत. शिंगाचं नाव आहे.

चित्र बनवणारं मॉडेल नेमकं असंच शिकतं. कोट्यवधी चित्रं आणि त्यांच्याखालच्या ओळी. ‘टोपी’ या ओळीखाली लाखो टोप्या असल्या की टोपीचा आकार त्याला पक्का कळतो. ‘बंजारा’ या शब्दाखाली काय असेल? वसाहतकाळातल्या प्लेट. पर्यटकांनी रस्त्यात काढलेले फोटो, ज्यांखाली बरेचदा ‘जिप्सी’ एवढंच. ऑनलाइन दुकानांतल्या आरसेकाम केलेल्या पिशव्या. फॅशनच्या जगात ‘बंजारा’ म्हणजे सैल झगा आणि ऑक्सिडाइज्ड झुमका. गाळात जे जास्त तेच वर येतं. म्हणून अशा मॉडेलला ‘बंजारा दागिना’ मागितला तर हाती राजस्थान, कच्छ आणि मॉल यांची भेळ लागली तर नवल नको.

पुसद-दिग्रसकडच्या एखाद्या तांड्यावर वयस्कर बाई भेटली तर घुगरी बघा. कानशिलाजवळच्या केसांच्या बटांना गुंफलेले चांदीचे घोस, त्यांच्यासोबत टोपली. गालावर लोंबतात, म्हणून दुरून कानातले वाटतात. कानाशी त्यांचा संबंध नाही. लेन्स बनवणारा ते कानाच्या पाळीला अडकवेल आणि तिथेच फसेल, कारण घुगरीचा भार केसांवर असतो, आणि ठिपक्यांची जाळी चेहऱ्याची आहे, केस तिच्या हिशेबात नाहीत. मान वळली की घुगरी आधी मागे राहते, मग गालावर आपटते. आणखी एक गोष्ट मशीनला ठाऊक नसते : घुगरी-टोपली आणि हातातला चूडा ही लग्न झालेल्या बाईची लेणी. कुणीही कधीही घालायची ती वस्तू नव्हे. काचळी, फेटिया, टुकरी, गळ्यातली हासली या प्रत्येकाला गोरबोलीत नाव आहे, आणि नावाबरोबर वय, नातं, प्रसंग चिकटलेला आहे.

उसनं अंगावर चढवण्याला माझी हरकत नाही. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांत फोटो स्टुडिओ चाललेच त्यावर. खुंटीला एक काळा कोट, एक तयार गाठीचा टाय, गॉगल, प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी. कोट सगळ्यांनाच मोठा, मागून चिमट्यांनी आवळायचा, कॅमेऱ्याला पाठ दिसतच नाही. जत्रेत पुठ्ठ्याची मोटारसायकल. मुलगी दाखवायच्या फोटोत मैत्रिणीचा हार. या सगळ्यात एक प्रामाणिकपणा होता. घालणाऱ्याला माहीत असायचं की कोट साहेबाचा आहे, साहेबाचा म्हणूनच तर घालायचा. शिवाय घेण्याची दिशा खालून वर होती. तांड्यातला पोरगा साहेबाचा कोट घालून बसला की तो रसेलच्या प्लेटमधून तेवढ्यापुरता बाहेर पडायचा. पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ मुख्यमंत्री होते. त्यांची कोटातली तसबीर घराघरांत लागली, तिचा अर्थ या संदर्भात वाचावा लागतो.

लेन्समध्ये दिशा उलटते. ज्या वेशावरून माणूस ओळखून चौकीवर नोंद व्हायची, तो वेश आता कुणीही पंधरा सेकंदांसाठी लावतो. तेही चालेल. पण तो वेश निदान त्यांचा तरी असावा. चुकीची घुगरी दहा लाख गालांवर झुलली, तिचे स्क्रीनशॉट पुन्हा ‘बंजारा’ या शब्दाखाली जमा झाले, की पुढचं मॉडेल त्यावरच शिकणार. तांड्यातल्याच मुलीने उद्या तीजेला आजीसारखं दिसावं म्हणून फोन उघडला, तर तिला आजीऐवजी मॉल दिसणार.

आणि हे सगळं फार टिकाऊही नाही. मेटाने १४ जानेवारी २०२५ ला स्पार्क बंद केलं आणि बाहेरच्या लोकांनी इन्स्टाग्राम-फेसबुकसाठी बनवलेले फिल्टर एका दिवसात गेले. कित्येक पोरापोरींनी वर्षानुवर्षं घडवलेले मुकुट, फेटे, नथी त्यात होत्या. रसेलचं पुस्तक मात्र १९१६ पासून आहे, इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. ज्यांनी लिहिलं त्यांचं जास्त टिकतं, मग त्यांनी काहीही लिहिलेलं असो.

म्हणून एखाद्या बंजारा मुलाला किंवा मुलीला हे करून बघायचं असेल तर शब्द टाइप करून सुरुवात करू नये. आजीच्या पेटीतली घुगरी काढावी, पांढऱ्या कापडावर ठेवावी, खिडकीच्या उजेडात चारही बाजूंनी फोटो घ्यावेत, शेजारी पट्टी ठेवावी म्हणजे माप कळेल. फोटोंवरून थ्रीडी आकार काढणारी फोनची ॲप आता सहज मिळतात. चकचकीत चांदीवर ती गोंधळतात, तेव्हा सौम्य उजेड बरा. एआयला काम द्यायचं ते पोत सुधारण्याचं, आकार शोधून काढण्याचं नाही. मग ती कानाला नव्हे, डोक्याच्या हालचालीला बांधायची आणि थोडं लोंबकळू द्यायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये शेजारच्या वाशिम जिल्ह्यात पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय उघडलं, तेही एकदा बघून यावं.

शेवटी लेन्सला नाव द्यावं लागतं आणि शोधासाठी टॅग. तिथे ‘जिप्सी’ लिहिलं की व्ह्यूज जास्त येतील. घुगरी लिहिता येतं, देवनागरीतसुद्धा. आजीची हरकत नसेल तर पेटी कुणाची आणि गाव कोणतं तेही.