स्लॉट मशीनचं व्यसन : यंत्राच्या आत काय असतं?

स्लॉट मशीन म्हणजे बटण दाबलं की चित्रांची चाकं फिरवणारं आणि ठरावीक चित्रं एका ओळीत आली की पैसे देणारं जुगाराचं यंत्र. गोव्यात १९९२च्या कायदादुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत या यंत्रांना परवानगी मिळाली. १९९६मध्ये जहाजांवरच्या कॅसिनोंची वाट मोकळी झाली. फेब्रुवारी २०२०पासून खुद्द गोमंतकीयांना कॅसिनोत जुगार खेळायला बंदी आहे. बेळगाव, कोल्हापूरहून जाणाऱ्यांना ती लागू नाही. म्हणूनच हे यंत्र कसं चालतं, ते सीमाभागातल्या घरांना माहीत असलेलं बरं.

'थोडक्यात हुकलं'

बटण दाबताक्षणी आतला संगणक एक आकडा उचलतो आणि निकाल तिथेच लागतो. चाकं फिरतात ती केवळ दाखवण्यापुरती. या पद्धतीचं पेटंट १९८४मध्ये अमेरिकेत इंगे टेल्नेस यांना मिळालं. समजा, समोरच्या चाकावर २२ जागा दिसतात; संगणकातलं चाक मात्र ६४ जागांचं असू शकतं. त्यात मोठ्या बक्षिसाच्या चित्राला एकच जागा देतात आणि त्याला लागून असलेल्या रिकाम्या घरांना बऱ्याच. मग ते चित्र सारखं ओळीच्या जरा वर नाहीतर जरा खाली थांबतं. खेळणाऱ्याला वाटतं, आता पुढच्या डावात लागणारच. खरं तर प्रत्येक डाव नवा असतो. आधीच्या डावाशी त्याचा काही संबंध नसतो.

हरल्यावरही वाजंत्री

आजच्या यंत्रांवर एकाच वेळी अनेक ओळींवर पैसे लावता येतात. २० ओळींवर एकेक रुपया लावला आणि ८ रुपये परत आले, तर १२ रुपये गेले. पण यंत्र दिवे लावतं, संगीत वाजवतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी खेळणाऱ्यांच्या त्वचेवरच्या घामाच्या बदलांची मोजणी केली. अशा 'जिंकल्यासारख्या' हरण्यालाही शरीर जिंकल्यासारखाच प्रतिसाद देतं, असं त्यांना २०१०मध्ये आढळलं.

९५ टक्क्यांचा हिशेब

'यंत्र ९५ टक्के परत देतं' असं ऐकलं की १०० रुपयांतले पाचच जाणार असं वाटतं. पण ही सरासरी प्रत्येक डावाची आहे. परत आलेले पैसे पुन्हा लावले, की त्यातूनही पाच टक्के कापले जातात. अशी १४ आवर्तनं झाली की सरासरीने १००चे ४९ रुपयेही उरत नाहीत. दर सहा सेकंदांना १० रुपयांचा एक डाव धरला तर तासाला ६०० डाव, म्हणजे ६,००० रुपयांची उलाढाल आणि सरासरी ३०० रुपयांचं नुकसान. वेग दुप्पट केला की नुकसानही दुप्पट. म्हणून तर ओढायचा दांडा गेला, बटण आलं.

तंद्री

लास वेगासमध्ये अनेक वर्षं अभ्यास करणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ नताशा डाउ शूल यांनी २०१२च्या 'ॲडिक्शन बाय डिझाइन' या पुस्तकात एक महत्त्वाची गोष्ट मांडली. पुरते आहारी गेलेले लोक जिंकायला खेळतच नाहीत, खेळ चालू राहावा म्हणून खेळतात. त्या तंद्रीत देणी, घर, वेळ कशाचंच भान राहत नाही. मोठी रक्कम लागली तरी ती यंत्रातच परत जाते ती यामुळे.

रचना बदलता येते

नॉर्वेने २००७मध्ये जुनी यंत्रं हटवली आणि पुढे नुकसानीची मर्यादा घातलेली नवी आणली. ब्रिटनने २०२१मध्ये ऑनलाइन स्लॉटला दोन डावांत किमान अडीच सेकंदांचं अंतर सक्तीचं केलं, आपोआप चालणारे डाव बंद केले आणि हरल्यावर वाजणारं जिंकल्याचं संगीतही थांबवलं.

जागतिक आरोग्य संघटना जुगाराच्या व्यसनाला आजार मानते. त्यामुळे घरातल्या माणसाला नुसतं 'मन घट्ट कर' सांगून भागत नाही. पैशांचे व्यवहार काही काळ दुसऱ्याच्या हाती द्यावेत, उपचार घ्यावेत. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठी आणि कन्नडमधूनही मोफत सल्ला मिळतो.