बक्षीस आणि भाषा

सोलापूरहून विजापूरकडे जाताना वाटेत मंद्रूप लागते. याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, भीमा-सीनेच्या संगमावर, हत्तरसंग कुडलच्या मंदिरात शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. हे वाचील तो विजयी होईल, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. वाचणाऱ्याला बक्षीस कबूल करण्याचा हा फार जुना मराठी दाखला म्हणायला हरकत नाही.

भाषा शिकवणारी मोबाइलवरची ॲपही बक्षीसच कबूल करतात, पण दर दोन मिनिटांनी. २०१२ साली सर्वांना खुल्या झालेल्या ‘ड्युओलिंगो’त गुण मिळतात, वरचा क्रमांक मिळतो आणि सलग किती दिवस अभ्यास केला याची मोजदाद ठेवली जाते. दिवस चुकला की मोजदाद पुन्हा शून्यावर येऊ शकते!

ही युक्ती जुनीच आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात सिडनी प्रेसी यांनी प्रश्न विचारणारे यंत्र केले. ठरावीक उत्तरे बरोबर आली की त्यातून गोळी बाहेर पडे.

गोळी संपल्यावर काय होते, हे मात्र १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी तपासले. चित्रे काढायची मुळात आवड असलेली बालवाडीतली ५१ मुले त्यांनी निवडली. काहींना चित्र काढल्यास सोनेरी चांदणीचे प्रशस्तिपत्र मिळेल, असे आधीच सांगितले. काहींना ते न सांगता नंतर दिले, उरलेल्यांना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेने नुसती ठेवली. आधी कबुली मिळालेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. प्रशस्तिपत्र अचानक मिळालेल्यांची आवड मात्र कायम होती. म्हणजे दोष बक्षिसाचा नव्हता, सौद्याचा होता.

यावरून ॲप टाकाऊ ठरवणे आम्हांला पटत नाही. हा प्रयोग आवड असलेल्या मुलांवरचा होता. इंग्रजीला बिचकणारे मूल गुणांच्या लोभाने का होईना, पहिली पन्नास वाक्ये उच्चारत असेल तर उच्चारू द्यावे. प्रश्न पुढचा आहे. मंद्रूपच्या बाजारात मराठी आणि कानडी दोन्ही कानांवर पडतात; दुसरी भाषा तिथे गुणांसाठी कोणी शिकत नाही, समोरच्याशी बोलायचे असते म्हणून ती येते. ॲपवरच्या वाक्याला असा समोरचा माणूस नसतो. तो शिक्षकांना उभा करता येईल: आज ॲपवर शिकलेल्या वाक्याने शेजारच्याला एक खरा प्रश्न विचारा, एवढेच सांगून. आणि जत्रेच्या आठवड्यात मोजदाद तुटली, तर त्यानंतर ॲप कोण उघडते याची वहीत नोंद ठेवावी.